आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि आपण पालक

(लोणी देवकर येथे संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीससाहेबांनी पाठवलेल्या पत्रात 'खेळ आणि शिक्षण' असा विषय दिला होता. विषय चांगला आहे, पण फार मोठा आहे. त्यावर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा सुदृढ शरीरात सुदृढ मन वसते इथून सुरुवात करतो आणि बक्षीस वाटपाची वेळ झाली की थांबतो. ते आपण सर्वांनी पुष्कळ वेळा ऐकले आहे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय लहान करून घेतो. महाविद्यालयांची बास्केटबॉलची विभागीय अजिंक्यपद स्पर्धा, एवढाच माझा विषय. माझी सारी नोकरी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून महाविद्यालयाच्या मैदानावर गेली आणि ही स्पर्धा मी फार जवळून पाहिली. त्या स्पर्धेत माझ्या हातून एक चूकही झालेली आहे. ती पालकांसमोर एकदा सांगून टाकावी असे बरेच दिवस मनात होते.

आधी स्पर्धा कशी चालते ते सांगतो, कारण बहुतेक पालकांना ते कोणी सांगितलेलेच नसते. मुलगा घरी येऊन 'मॅच आहे' म्हणतो, आपण 'अभ्यास झाला का?' असे विचारतो, आणि बोलणे तेथेच संपते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने खेळांसाठी आपल्या महाविद्यालयांचे चार विभाग केलेले आहेत. पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक, आणि नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. इंदापूर, बारामती ही आपली महाविद्यालये पुणे जिल्हा विभागात मोडतात. विभागातली महाविद्यालये आपापसांत खेळतात ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. त्यातून विभागाचा संघ निवडतात, तो इतर तीन विभागांशी खेळतो, तिला आंतरविभागीय म्हणतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निघतो. तो पश्चिम विभागातल्या इतर विद्यापीठांशी खेळतो आणि तेथे पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. म्हणजे इंदापूरच्या मैदानावर चेंडू आपटणाऱ्या मुलापासून देशाच्या स्पर्धेपर्यंत मोजून चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी मात्र ही विभागीय स्पर्धाच. ती चुकवून दुसऱ्या पायरीवर उडी मारण्याची सोय नाही.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे जे महाविद्यालय विभागाचे अजिंक्यपद मिळवते ते संघ म्हणून पुढे जात नाही. करंडक प्राचार्यांच्या खोलीतल्या कपाटात राहतो आणि निवड होते ती खेळाडूंची. हरलेल्या संघातली मुलगीही चांगली खेळली असेल तर विभागाच्या संघात येऊ शकते. फक्त ती निवड समितीच्या नजरेला पडली पाहिजे, आणि त्यासाठी ती मैदानावर हजर असली पाहिजे.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तेथे महाविद्यालयांचे गट असतात, त्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात. वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक महाविद्यालये आणि तीसएक कॉन्फरन्स. हंगामाच्या शेवटी, मार्चच्या सुमारास, प्रत्येक कॉन्फरन्सची अजिंक्यपद स्पर्धा होते. तीन-चार दिवस, रोज एक सामना, हरला तो घरी. जो संघ ती जिंकेल त्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. वर्षभर तो किती सामने हरला हे मग कोणी विचारत नाही.

१९८३ सालची गोष्ट आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट नावाच्या विद्यापीठाचा संघ त्या हंगामात सतरा सामने जिंकला होता आणि दहा हरला होता. कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकल्याखेरीज राष्ट्रीय स्पर्धेत जाण्याची त्यांना शाश्वती नव्हती. जिम व्हालव्हानो हे त्यांचे प्रशिक्षक. अटलांटा शहरात मार्च महिन्यात तीन दिवसांत तीन सामने. पहिला त्यांनी एका गुणाने जिंकला, ७१ विरुद्ध ७०. दुसऱ्या दिवशी समोर मायकेल जॉर्डन ज्या संघात होता तो नॉर्थ कॅरोलिनाचा संघ. तो जादा वेळेत जिंकला. तिसऱ्या दिवशी समोर सव्वासात फुटांहून उंच राल्फ सॅम्पसनचा व्हर्जिनिया संघ. तोही तीन गुणांनी जिंकला. अशा रीतीने तीन दिवसांच्या बळावर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत शिरला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तेथे गाठ ह्यूस्टन विद्यापीठाशी. शेवटच्या क्षणी त्यांच्या एका खेळाडूने दुरून रिंगकडे चेंडू फेकला, तो लहान पडला, आणि खाली उभ्या असलेल्या लोरेन्झो चार्ल्सने हवेतच धरून रिंगमध्ये घातला. ५४ विरुद्ध ५२. सामना संपला.

त्या हरलेल्या ह्यूस्टनच्या संघात नायजेरियाहून शिकायला आलेला एक उंच मुसलमान तरुण होता, हकीम ओलाजुवान. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याची, जिंकलेल्या संघातल्या कोणाची नव्हे. या हकीमचे नाव मला पुढे पुन्हा घ्यायचे आहे.

ही सात समुद्रापलीकडची गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की अशा स्पर्धेचे स्वरूप ध्यानात यावे. तीन दिवसांत तीन सामने. संघ बारा जणांचा असो की सात जणांचा, पहिल्या दिवशी जी मुले होती तीच तिसऱ्या दिवशीही हवीत. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात. क्रिकेटच्या अकरांतला एखादा सीमेवर डुलक्या घेत उभा राहिला तरी कदाचित खपून जाईल. येथे पाचांतला एक कमी झाला म्हणजे संघाचा पाचवा हिस्सा गेला.

आता माझी चूक.

वीसएक वर्षांपूर्वीची हकीकत. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, ते येथे महत्त्वाचे नाही. आमच्या मुलींचा संघ त्या वर्षी चांगला जमला होता. कागदावर आठ नावे होती, एक मुलगी तापाने आली नाही, म्हणून सात जणी. पुणे जिल्हा विभाग म्हणजे केवढा, आपले इंदापूर एका टोकाला आणि जुन्नर दुसऱ्या टोकाला. स्पर्धा त्या दुसऱ्या टोकाच्या बाजूला होती. एसटीने पुणे, तेथून पुढे दुसरी एसटी. पोचेपर्यंत दिवस मावळला. मुक्काम यजमान महाविद्यालयाच्या एका वर्गात, बाके बाजूला सारून, सतरंज्यांवर. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन सामने जिंकलो आणि उपांत्य फेरीत आलो. उपांत्य सामना तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला होता.

आमच्या संघाची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून कोणाला द्यायचा ते ठरवणारी खेळाडू, ही आपल्या याच पट्ट्यातली मुलगी होती, हमरस्त्याच्या कडेच्या एका वस्तीवरची. उंची बेताची. पण तिचे डोळे असे होते की समोर पाहत असतानाच ती डाव्या हाताला उभ्या असलेल्या मुलीला चेंडू देई, आणि तो नेमका हातात जाई. हे शिकवून येत नाही. मी तरी कोणाला शिकवू शकलो नाही.

रात्री अकराच्या सुमारास पहारेकरी मला उठवायला आला. फाटकाशी तिचे वडील उभे होते. दुपारी निघून दोन एसटी बदलून आले होते. आरडाओरडा नाही, अपशब्द नाही. मला सलाम केला आणि म्हणाले, "मुलीला न्यायला आलोय." मी सकाळच्या सामन्याविषयी बोलू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मुलगी बाहेर आली, तिने बूट पिशवीत भरले, संघाचा शर्ट घडी करून माझ्या हातात दिला. रात्रीची गाडी नव्हती. बापलेक फाटकाजवळच्या कट्ट्यावर पहाटेपर्यंत बसून राहिले. मी त्यांना आत बसा म्हणालो, ते नको म्हणाले. मी माझ्या खोलीत जाऊन पडलो. त्या कट्ट्यावर जाऊन त्यांच्याजवळ बसावे एवढेही मला सुचले नाही.

सकाळी आम्ही सहा जणींनिशी खेळलो. दुसऱ्या डावात एकीचा पाय मुरगळला, पाच राहिल्या. शेवटची तीन मिनिटे उरली असताना एकीचे पाच फाऊल भरले आणि नियमाप्रमाणे ती बाहेर गेली. बास्केटबॉलचा नियम असा आहे की बदली खेळाडू नसेल तर राहिलेल्यांनी खेळायचे, मैदानावर दोनपेक्षा कमी उरले तरच सामना जातो. आमच्या चार जणी पाच जणींशी तीन मिनिटे खेळल्या. सात गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत कोणी बोलले नाही.

मला राग होता, आणि तो मी कित्येक दिवस बाळगला. शिक्षकांच्या खोलीत बसून 'आपला समाज कधी सुधारणार' या थाटाची वाक्येही मी बोललो असेन. बोललोच. मग एका रविवारी भिगवणच्या बाजारात ते गृहस्थ समोर आले. त्यांनीच चहाला नेले. मी विचारले, असे का केलेत? ते म्हणाले, "सर, तुम्ही मुलीला विचारलंत. मला कागद पाठवलात."

खरे होते. पालकांच्या संमतीचा छापील कागद मी मुलींच्या हाती दिला होता आणि सही होऊन परत आला तो फाईलला लावला होता. सही कोणाची आहे हेही पाहिले नव्हते. ती तिच्या मोठ्या भावाने केली होती. वडिलांना वाटले होते मुलगी संध्याकाळपर्यंत घरी येईल. रात्र झाली, शेजाऱ्यांनी विचारले, आणि त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. मुली कोठे झोपणार, बरोबर बाई कोण, दरवाजाला आतून कडी आहे का, फोन कोठे करायचा, यांतले एकही उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आणि बाई कोण, याचे उत्तर माझ्यापाशीही नव्हते. महाविद्यालयाने बाई दिल्या नव्हत्या आणि मी मागितल्या नव्हत्या. सात मुलींना घेऊन मी एकटा पुरुष दीड-दोनशे किलोमीटर गेलो होतो आणि वर माझ्या सज्जनपणाची खात्री जगाने आपोआप बाळगावी अशी माझी अपेक्षा होती.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आतून तिच्या आईने विचारले, "ती तिथं नेमकं काय करते?" मी सांगू लागलो आणि सांगता येईना. शेवटी घरातल्या वाट्या जमिनीवर मांडून पाच जणी कोठे उभ्या राहतात, तुमची मुलगी कोठे, आणि तिच्याविना चेंडू पुढे का येत नाही, ते दाखवले. आई बराच वेळ वाट्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या एकटीमुळं हरलात का?" मी नाही म्हणालो. ते खोटे होते, पण तेवढे खोटे क्षम्य असावे.

ती मुलगी पुन्हा खेळली नाही. शेवटचे वर्ष होते, पुढे निकाह झाला. तीन वर्षांनी तिची धाकटी बहीण महाविद्यालयात आली तेव्हा मी कागद पाठवला नाही, बरोबर येणाऱ्या बाईंना घेऊन घरी गेलो. वडील पिशवी घेऊन एसटी थांब्यावर सोडायला आले. धाकटीचा खेळ मोठीइतका नव्हता, खरे सांगायचे तर निम्माही नव्हता. पण तीनही दिवस ती मैदानावर होती आणि विभागाच्या संघात तिची निवड झाली. मोठीची कधी झाली नाही.

आता पालकांच्या मनात जे येते आणि सभेत कोणी विचारत नाही, त्याविषयी बोलतो. मुलींनी खेळावे का, कसे खेळावे, कोणासमोर खेळावे. हा पेच फक्त आपल्याच समाजाचा आहे असे आपल्याला वाटते. बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी झाला. जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात अठरा विद्यार्थ्यांना घरात खेळवण्यासाठी पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही रिंग दहा फुटांवर आहे. तेथून जवळच नॉर्थहॅम्प्टनला स्मिथ कॉलेज हे मुलींचे महाविद्यालय. तेथील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींना शिकवला आणि मार्च १८९३ मध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुली विरुद्ध पहिल्या वर्षाच्या मुली असा सामना ठेवला. महाविद्यालयीन मुलींचा पहिला बास्केटबॉल सामना म्हणून तो ओळखला जातो. त्या सामन्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. अमेरिकेत, ख्रिस्ती घरांतल्या मुली, आणि पुरुषांना बंदी! तेव्हा 'आपल्याकडेच असे' हे वाक्य आपण जरा जपून वापरावे. तेथे त्यांनी बंद दाराआड का होईना, खेळ सुरू केला.

कपड्यांविषयी. आमच्या काळात आंतरराष्ट्रीय नियमच असा होता की डोक्यावर काही बांधून खेळता येत नसे. एका सामन्यात आमच्या मुलीने रुमाल बांधला होता. पंचांनी नियमपुस्तक दाखवले. पंचांचा दोष नव्हता, पुस्तकात तसेच होते. रुमाल काढण्यापेक्षा ती बाकावर बसली. २०१४ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई खेळांत कतारच्या महिला संघावर हीच पाळी आली आणि त्यांनी सामना सोडला. त्याच सुमारास बिल्किस अब्दुल कादिर या मुलीचे नाव वर आले. ती नेमकी स्प्रिंगफील्डची, जेथे हा खेळ जन्मला तेथली. शाळेत असताना तिने ३,०७० गुण केले, हा तिच्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम होता. पुढे मेम्फिस विद्यापीठाकडून डोके झाकून, हातपाय झाकून ती खेळली. महाविद्यालयीन स्पर्धांनी तिला अडवले नाही, परंतु पदवीनंतर आंतरराष्ट्रीय नियम आडवा आला आणि तिची व्यावसायिक खेळाची संधी गेली. तिने आणि इतर अनेकांनी हे प्रकरण लावून धरले. अखेर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून डोके झाकून खेळण्यास मुभा मिळाली. अटी साध्या आहेत. चेहरा झाकलेला नसावा, रंग संघाच्या पोशाखाशी जुळता किंवा काळा अथवा पांढरा असावा, आणि त्याला टाचणी, बटण किंवा लोंबणारे टोक नसावे, म्हणजे कोणाला इजा होणार नाही. मुलींनो, टाचणीचे विशेष ध्यानात ठेवा. ओढून बसणारी टोपीवजा ओढणी शिवून घ्या, गावातला कोणताही शिंपी ती शिवू शकेल. एखाद्या पंचाला नवा नियम ठाऊक नसला तर वाद न घालता नियमपुस्तकाचे ते पान दाखवा. आता ते आपल्या बाजूचे आहे.

रोज्याचाही प्रश्न येतो. २००० ते २००५ या वर्षांत रमजान ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ऐन स्पर्धांच्या हंगामात येत असे. सध्या तो फेब्रुवारी-मार्चकडे आहे आणि दरवर्षी दहाअकरा दिवस मागे सरकतो. २०३० साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर दुसऱ्यांदा येईल. तेव्हा आज सातवी-आठवीत असलेल्या मुलांपुढे हा प्रश्न पुन्हा उभा राहणार. मघाशी ज्याचे नाव घेतले तो हकीम ओलाजुवान पुढे व्यावसायिक खेळाडू झाला. १९९५ च्या फेब्रुवारीत रमजान होता. त्याने रोजे ठेवून सामने खेळले आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. म्हणून आपल्या प्रत्येक मुलाने तसेच करावे असे मी म्हणणार नाही. तो हकीम होता, त्याच्या दिमतीला डॉक्टर होते. प्रवासातल्या माणसाला धर्मानेच सवलत दिलेली आहे, ती कशी घ्यायची हे घरात आणि मौलानासाहेबांशी बोलून ठरवा. सराव मात्र इफ्तारनंतर ठेवता येतो. आम्ही तो ठेवला आहे, आणि हिंदू मुलेही त्या वेळेला आनंदाने येत. इफ्तारची खजूर त्यांनाही मिळे, हे त्याचे एक कारण असावे.

कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे, आपल्या माणसांत कोण आहे? आहे ना. मुंबईत नागपाड्याला जा. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी तेथे नागपाडा नेबरहुड हाऊस उभे केले. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थाही १९३६ मध्ये तेथेच सुरू झाली. त्या दाट मुसलमान वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की आपल्याकडे पोरे कबड्डी खेळतात तशी तेथली पोरे बास्केटबॉल खेळत. त्या गल्ल्यांतून गुलाम अब्बास मुंतसिर निघाले. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यात जागा म्हणाल तर दोन चाळींच्या मधला तुकडा. आपल्याकडे काय कमी आहे? कोर्ट अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. चारी बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर सहा गुंठे होतात. सहा गुंठे! या तालुक्यात सहा गुंठ्यांवरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, आणि खेळाचे कोर्ट मात्र शोधावे लागते. संस्थेच्या मागच्या बाजूची जागा मी पावलांनी मोजून पाहिली आहे. ती पुरते. अध्यक्षसाहेब हसत आहेत, त्याचा अर्थ मी मला सोयीचा लावतो.

फायदा काय, हे पालक विचारणारच, आणि विचारावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. परंतु त्या कोणत्या स्पर्धेत कितवा क्रमांक आल्यावर मिळतात याच्या अटी काटेकोर आहेत आणि केवळ विभागीय स्पर्धेत खेळल्याने नोकरी मिळत नाही. कोणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांवर लागलेल्यांच्या नोकऱ्या गेलेल्या आहेत. बास्केटबॉलच्या जोरावर घर चालेल असे मी कोणालाही सांगणार नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, पंजाबातल्या बल्लो के या लहानशा खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक संघाने निवडला. ही खरी माणसे आहेत, पण ती मोजकी आहेत. बाकीच्या हजारो मुलांना मिळतात ते तीन दिवस. परक्या गावी, परक्या पंचांसमोर, आपल्यासारख्याच मुलांच्या विरुद्ध खेळण्याचे. माझ्या मते तेवढ्यासाठीही जावे. येथे माझ्याशी कोणाचा मतभेद असेल तर तो मला मान्य आहे.

मुलांविषयीही एक शब्द. मुलीला पाठवताना आपण शंभर प्रश्न विचारतो आणि मुलाला एकही नाही. तो तीन दिवस कोठे होता, कोणाबरोबर होता, संघाबरोबर होता की पुण्यात भटकत होता, हे त्यालाही विचारा. बारावीनंतर एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागून महाविद्यालयात फक्त नाव ठेवणारी आपली मुले पुष्कळ आहेत. घरची गरज असते, मी नावे ठेवत नाही. पण रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळी नऊच्या सामन्यात चौथ्या डावापर्यंत पळू शकत नाही. अशा मुलाची पाळी तीन दिवस बदलून मिळावी म्हणून मी कंपनीच्या फाटकावर गेलेलो आहे. दोनदा मिळाली, एकदा नाही.

संस्थेने आता मला सकाळचा सराव घेण्यास सांगितले आहे. फजरनंतर, साडेसहा ते आठ. मुलींचा सराव वेगळ्या दिवशी असेल आणि त्या वेळी आपल्या शाळेच्या एक बाई मैदानावर हजर राहतील. त्यांनी होकार दिलेला आहे. आपली मुले बारावीनंतर इंदापूरला, बारामतीला जातील तेव्हा त्यांना चेंडू हाताळता येत असावा, एवढाच हेतू. ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी आज जेवणानंतर कार्यालयात द्यावीत. संमतीचा कागद आज कोणाच्याही हातात दिला जाणार नाही. तो घेऊन मी आणि बाई पुढच्या पंधरा दिवसांत प्रत्येक घरी येऊ. पाळीवर असणाऱ्यांनी कोणत्या वेळी घरी असता तेवढे नावापुढे लिहून ठेवावे. आईनेही त्या वेळी बसावे अशी विनंती आहे. वाट्या आम्ही तुमच्याच घरातल्या मागून घेऊ.